कांतामावशीला बाजूला नेलं, ती लागण

कांद्याचं रोप उपटलं की हाताला एक हिरवा, तिखट वास लागतो. तो कांद्याचा वास नसतो. कांदा अजून व्हायचा असतो. साबणाने तो जात नाही, पीठ मळलं तर भाकरीला लागतो, आणि लागण संपून आठ-दहा दिवस झाले की कधीतरी आपोआप निघून जातो. काल आप्पांच्या रानात रोपाची पहिली मूठ हातात घेतली आणि तो वास आला. मी मूठ धरून तशीच उभी राहिले. मागून रुबिना म्हणाली, "ताई, काय झालं? रोपात साप हाय का?" सगळ्या हसल्या. साप नव्हता. दोन वर्षांमागची लागण होती.

आमची अकरा बायकांची टोळी आहे. खुरपणी, लागण, काढणी, जे असेल ते करतो. सकाळी पिकअप वस्तीवर येऊन हॉर्न वाजवतो. साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, अंगठ्याला चिंधी. थंडीत नदीकडून धुकं येतं, ते शर्टाच्या कॉलरवर बसतं आणि ओलं होऊन खाली उतरतं. पिकअपमध्ये कुणी कुठं उभं राहायचं हे ठरलेलं आहे. केबिनच्या मागची जागा कांतामावशीची, कारण तिथे वारा लागत नाही आणि ती सगळ्यांत थोरली. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. मी टोळीत आले तेव्हाही तसंच होतं.

तेव्हा टोळी आत्या चालवायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहीण. वीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांचे फोन घेतले, बायका गोळा केल्या, बांधावर उभं राहून मुठी वाटल्या. मुठी वाटणं म्हणजे उपटलेल्या रोपाच्या जुड्या जिच्या तिच्या वाफ्यात टाकत जाणं. ते काम टोळी चालवणारीनेच करायचं असतं, म्हणजे उभं राहून सगळ्यांवर नजर राहते. आत्यांचा आवाज दोन रानं पलीकडे जायचा. कांतामावशीचा अंगठा जरा खोल गेला की त्या ओरडायच्या, "कांते, कांदा लावतीस का हीर खणतीस?" सगळ्या हसायच्या. कांतामावशीही म्हणायची, "पाणी लागलं की पयला तांब्या तुलाच दीन!" आणि पुढची चार रोपं वर लागायची. मी ते वर्षानुवर्षं ऐकलं. ते शिकवणं होतं हे मला कळलं नाही. मला वाटायचं चेष्टा चालली आहे.

मग आत्यांचे गुडघे गेले. केडगावला लेकीकडे जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पिकअपमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापास्नं फोन इमल घेईल." मला वाटलं चेष्टाच आहे. मी चौथी शिकलेली. चार माणसं जमली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. लग्नातसुद्धा मी भांड्यांच्या बाजूला असते. मी आत्यांना हळूच विचारलं, "मीच का?" त्या म्हणाल्या, "तुझ्यावर कुणी जळत न्हाई म्हणून." हे चांगलं होतं की वाईट, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याच वर्षी आप्पांनी लागणीची पद्धत बदलली. आप्पा म्हणजे ज्यांच्या रानात आम्ही दर साल असतो ते शेतकरी. इतकी वर्षं सपाट वाफे असायचे. वाफ्यात पाणी सोडायचं, चिखल व्हायचा, आणि प्रत्येकीने आपापला वाफा धरून रोप अंगठ्याने चिखलात दाबत मागे सरकायचं. जिचा आधी व्हायचा ती वळून मागे राहिलेलीच्या वाफ्यात समोरून शिरायची. कुणी सांगायला लागत नव्हतं. आता उंच, लांबच लांब गादीवाफे आले, वर ठिबकच्या नळ्या. माती नुसती ओलसर. एका गादीला दोघी, दोन्ही बाजूंनी समोरासमोर. रोपाला रोप चार बोटांवर, आणि खोली बोटाच्या पहिल्या पेराएवढीच. जास्त खोल गेलं की कांदा गोल होत नाही, मानच लांब होते.

म्हणजे आता जोड्या लावणं आलं, आणि त्या मी लावायच्या. सुनंदा आणि तिची सून समोरासमोर बसल्या तर दोघी दिवसभर नुसत्या गादीशी बोलायच्या. दोघी जावा बसल्या तर बोलणं थांबायचंच नाही आणि हात थांबायचे. आणि कांतामावशीच्या समोर कुणी बसेना. ती हळू, म्हणून समोरचीला थांबावं लागायचं. तोंडावर कुणी नाही म्हटलं नाही. नुसत्या आपापल्या जागी आधी जाऊन बसायच्या. मी उभी राहून बघायची आणि मला वाटायचं, आत्या असत्या तर आता काय ओरडल्या असत्या? काहीतरी ओरडल्या असत्या एवढं नक्की. काय, ते आठवायचं नाही.

आप्पांनीच मला दौंडला पाठवलं. टोळ्या चालवणाऱ्या बायकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. हॉल रुळांच्या जवळ. मालगाडी आली की बोलणाऱ्या मॅडम थांबायच्या, गाडी गेली की हसून पुढे बोलायच्या. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'टीम' लिहिलं, खाली 'बदल' लिहिलं. सगळ्यांनी माइकवर नाव सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा माइकमधून माझा श्वासच ऐकू आला. मॅडम चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही ताई. चांगली लीडर आधी ऐकायला शिकते." मला वाटलं, जन्मभर मी तेवढंच तर केलं आहे, मग इथे कशाला आले?

पण एक गोष्ट मी नीट धरून ठेवली. मॅडमनी ती तीनदा सांगितली. कौतुक करायचं ते सगळ्यांसमोर करा. चूक सांगायची ती बाजूला नेऊन, एकटीला, गोड शब्दांत सांगा. माणसाचा मान राहतो. माझ्या शेजारी बसलेल्या शिरूरकडच्या बाई मान हलवून म्हणाल्या, "खरंय बाई, चारचौघांत कुणाला बोलू नये." मलाही ते फार पटलं. मला तर कुणी चारचौघांत नुसती हाक मारली तरी घाम फुटतो. येताना गाडीत मी ती वाक्यं मनात घोकत आले, लहानपणी पाढे घोकायचे तशी.

दुसऱ्याच दिवशी मी धीर करून सगळ्यांसमोर म्हणाले, "रुबिनानं कसं सरळ लावलंय बघा." एवढंच.  रुबिना आमच्यात सगळ्यांत लहान, हात मशीनसारखा. दुपारी जेवायला बसलो तेव्हा सुनंदा म्हणाली, "सरका गं, म्याडमला बसायला जागा द्या. सरळ बसू द्या त्यांना." मग सगळ्या दिवसभर तिला म्याडमच म्हणत राहिल्या. ठेच्याची वाटी फिरली ती तिच्यापाशी आली नाही. संध्याकाळी पिकअपमधून उतरताना रुबिनाने माझी बाही ओढली. "ताई, हात जोडते, परत माझं नाव घेऊ नका." मी म्हणाले, "अगं, मी चांगलंच बोलले." ती म्हणाली, "म्हणून तर."

मला वाटलं, सांगण्यात माझीच काही चूक झाली असेल. मॅडम शिकलेल्या, त्या चुकीचं कशाला सांगतील?

आणि मग तो दिवस आला. आप्पा एका गादीपाशी वाकले, दोन रोपं उपटून त्यांनी बोटाने मापली आणि मला हळू आवाजात म्हणाले, "ही गादी कांताबाईची ना? सगळं खोल गेलंय. उद्यापर्यंत सुधारलं तर ठीक, न्हाईतर दुसरी बाई बघा." त्यांचंही खोटं नव्हतं. वर्षाचं पीक होतं.

मी लांबून कांतामावशीकडे बघितलं. तिने इतक्या वर्षांत एक लागण चुकवलेली नव्हती. मी टोळीत नवी आले तेव्हा माझ्या अंगठ्याला फोड आले होते, तर तिने आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली होती. तिला आता मी काय सांगणार? पण सांगायचं कसं हे मला शिकवलेलं होतं. मी तिच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मावशी, जरा बाजूला ये."

सगळ्यांचे हात थांबले. तेही मला दिसलं, पण कळलं नाही. मी तिला पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी नेलं. ती माझ्यामागून आली, आणि मी वळून बघते तर तिचं तोंड पांढरं पडलेलं. तिने माझे दोन्ही हात धरले.

"कोण गेलं? इमल, सांग. कोण गेलं? पोरगा गाडीवर हाय. सांग मला, कोण गेलं?"

आणि ती तिथेच मातीत बसली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या टोळीत बाईला बाजूला एकाच गोष्टीसाठी नेतात. घरून फोन येतो, कुणीतरी गेलेलं असतं, आणि मग टोळी चालवणारी खांद्यावर हात ठेवून तिला बांधाच्या पलीकडे नेते. सुनंदाचे वडील गेले तेव्हा तसंच झालं होतं. कांतामावशीचा मालक गेला तेव्हाही आत्यांनी तिला असंच नेलं होतं, आणि तेव्हा दुसरा हात धरायला मीच होते. मी तिथे होते, आणि मी विसरले. दौंडच्या हॉलमध्ये ते आठवलं नाही, खांद्यावर हात ठेवतानाही आठवलं नाही.

मी म्हणाले, "कुणी न्हाई गेलं, मावशी. कुणीच न्हाई. रोप जरा खोल जातंय, तेवढंच सांगायचं होतं."

तिने माझे हात सोडले. मग हसली, मग रडली, मग उठून माती झटकली. "एवढ्यासाठी?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी मला हितं आणलंस? तिथंच बोंबलली असतीस की सगळ्यांत. मी काय मेले असते का?"

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये केबिनच्या मागची जागा रिकामी होती. तिथे कुणी उभं राहिलं नाही. वारा सगळ्यांना लागत होता तरी. सुनंदाने विचारलं, "काय बोललीस गं तिला?" मी गप्प राहिले. बाजूला सांगितलेलं चारचौघांत काढायचं नसतं, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. आणि मी जितकी गप्प राहिले तितकं त्या गप्प राहण्यात काहीबाही भरत गेलं. दुपारपर्यंत रानात बातमी होती की मी मावशीला काढून टाकलं. संध्याकाळपर्यंत तिच्या जागी मी माझ्या भावजयीला आणणार होते. त्याच्या पुढच्या दिवशी सहाच बायका आल्या. उपटलेल्या रोपाचे ढीग गोणपाटाखाली सुकायला लागले. आप्पा काही बोलले नाहीत, नुसते ढिगापाशी येऊन गोणपाट उचलून बघून जायचे. त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

मी आत्यांना केडगावला फोन केला. सगळं सांगितलं. 

"तिला बाजूला नेलंस?" आत्या म्हणाल्या.

"व्हय."

"आगं, तुला यायचं न्हाई ते करायला जातीसच का? बोलायला जातीस कशाला? तिच्याकडं जा आन् गप बस. तेवढं तुला येतं."

मी गेले. ऊन उतरायच्या वेळी कांतामावशी ओट्यावर सुपात हुलगे निवडत बसली होती. तिने मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी बसले. गप्प बसले. खरंच तेवढं मला येतं. सुपातले हुलगे ती बोटांनी चाचपत होती, खडा लागला की काढत होती. आणि मला दिसलं की अगदी वर पडलेला पांढरा खडा तिला दिसत नव्हता. बोट लागेल तेव्हाच सापडायचा.

माझं लक्ष गेलेलं तिला कळलं असावं. ती सुपाकडे बघतच म्हणाली, "माती आन् माझा अंगठा एकच दिसतो मला आता. डाक्टर म्हनला साखरेनं आतला पडदा गेलाय, चष्म्यानं न्हाई यायचं. चिखल व्हता तवर बोटाला कळत व्हतं. ह्या गादीत न्हाई कळत. पोराला सांगू नगं. त्याला कळलं तर उद्यापास्नं ह्या ओट्यावरच बसवंल मला. सून कामाला जाती, पोरं साळंत. दिसभर ह्या भिंतीशी बोलू का मी?"

मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. मॅडमना काहीतरी सुचलं असतं, आत्यांना तर नक्कीच. माझ्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं. मी म्हणाले, "मावशी, मला उभं राहून मुठी वाटायला लाज वाटते. सगळ्या माझ्याकडं बघतात.  तू वाट. मी तुझ्या जागी लावते."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "म्हंजी मी टोळी चालवू?"

"फोन मी घेते," मी म्हणाले. "बाकीचं तू बघ."

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला तेव्हा ती सगळ्यांच्या आधी उभी होती. ती चढली, तिच्यामागून बाकीच्याही चढल्या, जणू मधले दिवस नव्हतेच. रानात ती गादीच्या टोकाला उभी राहिली, काखेत मुठींची पाटी, आणि पहिली मूठ माझ्यापुढे टाकून ओरडली, "हं, चला गं! हितं काय हळदीकुंकवाला आलाय व्हय?" आणि रान हललं. मी रुबिनाच्या समोर खाली बसले आणि मातीत बोट घातलं. पाठ मोकळी झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. लागण वेळेत झाली. आप्पा म्हणाले, "टोळी चांगली बांधलीत." मी खाली बघितलं.

तेव्हापासून मी हा विचार करते आणि तो कुठेच जात नाही. मी ते मावशीसाठी केलं की माझ्यासाठी? उभं राहायची लाज वाटते म्हणून मी माझी जागा सोडली, आणि लोकांना वाटलं मी तिचा मान राखला. तिचा मान राहिला हेही खरं. मग मॅडमनी सांगितलेलं बरोबर होतं का? मान राखा म्हणाल्या होत्या, तो राहिला, पण त्यांच्या वाटेने गेले तेव्हा मोडला होता. आणि आत्यांसारखं ओरडणं बरोबर म्हणावं, तर मी जन्मात ओरडू शकणार नाही. माझ्यावर कुणी सगळ्यांसमोर ओरडलं तर मी आठ दिवस जेवणार नाही. मग मान म्हणजे प्रत्येकीचा वेगळा असतो का? आणि अकरा जणींचा अकरा तऱ्हेचा असेल तर तो शिकवणार कोण, कुठल्या हॉलमध्ये? दौंडच्या मॅडमनी परवा फोनवर आवाज पाठवला, नव्या बायकांना येऊन चार शब्द सांगा म्हणून. मी तो तीनदा ऐकला. अजून उत्तर दिलेलं नाही.

यंदाची लागण कालपासून लागली. धुकं तेच, शर्ट तेच. कांतामावशीची नजर मात्र आणखी गेली आहे. काल ती मुठी टाकत होती, तर मुठीत कुजलेल्या मुळांची रोपं, पिवळी पडलेली, मधेच गवताची काडी, सगळं यायला लागलं. आधी तसलं ती मूठ डोळ्यांजवळ धरून पाटीतच काढून टाकायची. मी मान वर करून बघितलं. सुनंदाने मूठ घेतली, वाईट रोपं काढून गादीच्या पलीकडे सरीत टाकली, चांगली लावली. तिच्या सुनेनेही तेच केलं. रुबिना तर मूठ घेताना म्हणाली, "एक नंबर हाय मावशी, असंच टाका," आणि निम्मी मूठ मागे सारली. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं. निदान माझ्याशी तरी नाही. मावशीला हे माहीत आहे की नाही, तेही मला सांगता येत नाही. एकदा ती रुबिनावर खेकसली, "लई निवडतीस गं तू! नवरा असाच निवडला व्हतास का?" सगळ्या हसल्या, मावशी सगळ्यांत जास्त. त्या हसण्यात काय होतं ते मी शोधत राहिले.

पण हात मागे पडले. निवडायला वेळ जातो. दुपारी आप्पा आले, गाद्या मोजल्यासारखं करत बांधावरून चालत माझ्यापाशी थांबले. मावशी दोन गाद्या पलीकडे पाटी घेऊन उभी होती. तिला बोलणं ऐकू जाणार होतं. सगळ्यांनाच जाणार होतं.

"काय विमलबाई? यंदा मागं पडलीय टोळी. काय भानगड हाय?"

त्यांना बाजूला न्यावं, असं क्षणभर मनात आलं.  बायकांचे हात चालू होते, पण बोलणं सगळं थांबलेलं.

मी उभी राहिले. बाजूला गेले नाही. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला, इतका मोठा निघाला.

"आप्पा, यंदा आम्ही रोप निवडून लावतोय."

आप्पांनी सरीत पडलेली पिवळी रोपं बघितली. चपलेच्या टोकाने एक उलटं केलं. कांतामावशीकडे बघितलं की नाही ते मला दिसलं नाही, मी त्यांच्या चपलेकडेच बघत होते.

"बरं करताय," ते म्हणाले, आणि मोटारीच्या खोलीकडे गेले.

मी सांगितलं ते खरं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तरी पुन्हा खाली बसले तेव्हा माझी पुढची चार रोपं जरा खोलच गेली.